गावाच्या वाड्यावरची तांब्याची कढई

मी, पालागा तिवादार, इओन तिवादारची विधवा, राहणार पोयाना रेचे, मारामुरेश, रुमानिया, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पाय तेवढे चालत नाहीत. दबाव कुणाचा नाही. मुलगा ग्रिगा अंगणात गाडी लावून येरझाऱ्या घालतोय, त्याला दबाव म्हणायचं तर म्हणा.

एक. घर व परसातली आलुबुखाराची झाडे ग्रिगाला. छप्पर गळतं, तेही त्याचंच.

दोन. हातमाग व लोकरीची जाजमे सून लुचिका हिला. खुशाल पर्यटकांना वीक, बाई, फक्त स्वस्तात देऊ नकोस.

तीन. मेंढ्या ग्रिगाला. त्या उन्हाळ्यात डोंगरावर, गावाच्या सामाईक मेंढवाड्यावरच जाव्यात, ~~अन्यथा~~ खोडलं. मेल्यावर मी काय राखायला येणार आहे?

चार. कढई. इथे हात अडतो. सकाळपासून तीनदा फाडलं हे.

कढई माझ्या सासऱ्यांची, पण डोंगरावर सगळ्या गावाचं दूध तिच्यातच तापतं. वसंतात एके दिवशी ज्याच्या त्याच्या मेंढ्यांचं दूध मापायचं, त्या मापाने उन्हाळाभर चीज वाटून घ्यायचं. परवा मेंढ्या-भांड्यांसकट वाडा डोंगर चढेल. ग्रिगाला त्याआधीच कढई खाली घरी, स्वतःच्या चीजसाठी ठेवून घ्यायची आहे. म्हणतो, "आई, गावाच्या चीजची चव रोज वेगळी. सिगेत शहरातले दुकानदार हसतात मला." खोटं नाही बोलत. मीही माझा वाटा बाजारात विकूनच त्याला शिकवलं. पण कढई गेली की वाडा मोडला. थोड्या मेंढ्यावाल्यांना दुसरी घेणं झेपायचं नाही; मेंढ्या विकून तेही इटलीला भांडी घासायला जातील. जीव तुटतो माझा.

पाद्रीबाबा म्हणतात, गावाच्या नावे कर. म्हणजे कुणाच्याच नाही! घासणार कोण? पहिल्या अडचणीला सगळे मिळून विकून खातील.

सबब कढई शेजारीण तोदोसिया कोद्रेआ हिला देते. हीच ती, मापाच्या आधी मेंढ्यांना मीठ-कोंडा चारून दूध फुगवणारी. याच कारणाने आमचा अबोला. पण मापात लबाडी करायला माप तर राहायला हवं ना! ती वाडा मोडू देणार नाही, कढईला कुणाला हात लावू देणार नाही. ग्रिगाने बाजारासाठी चीज करायचे तर वर जाऊन, गावाचे झाल्यावर, त्याच कढईत करावे. रागावू नकोस रे.

स्थळ पोयाना रेचे, सेंट जॉर्जच्या सणाचा दुसरा दिवस.

सही: पालागा तिवादार

साक्षीदार:
~~तोदोसिया कोद्रेआ~~
पाद्री इलारिओन
पोस्टमन नुत्सू बोदनार

पहिले नाव पाद्रीबाबांनी खोडले. जिला मिळते तिची साक्ष चालत नाही म्हणे. तोदोसियाने चौथे कलम वाचले, मला "भवाने" म्हणाली, आणि आता माझ्या खाटेवर बसून रडते आहे. "नको मला तुझी कढई. ऊठ, परवा वर चल, आणि तुझी तू घास."