चिकट गंज

२ नोव्हेंबर

आज गौतमी शेडवर आली. स्वतः. चालत. हातात सायकल.

शेड म्हणजे आमचा भाताची पोती ठेवायचा पत्रा. मी त्यावर 'जयसिंग व्हिंटेज सायकल स्टुडिओ' असा बोर्ड लावलाय. अख्ख्या रिहे गावात असा बोर्ड नाही. आमचे अण्णा अजूनही पत्राच म्हणतात.

सायकल तिच्या आजोबांची. कोंडाजी पैलवान. लग्नाच्या पंगतीत रुसून बसले होते, सासऱ्यानं ही सायकल दारात उभी केली तेव्हा पहिला घास घेतला म्हणे. डबल बार, दांडीचे ब्रेक. हँडल, चेनकव्हर, रिमा, सगळं एके काळचं क्रोम. आता काळंकुट्ट.

गौतमीनं माझंच फडकं डिझेलच्या डब्यात बुडवलं आणि पुढच्या लाइटची टोपी पुसली. दोन हात मारले असतील. आरसा! त्यात आम्ही दोघं. तिचा चेहरा गोल, माझं नाक जरा पुढे आलेलं, पण एकत्र. असं उगाच होत नाही.

क्रोमचं हेच आहे. रंग फक्त स्वतःचा असतो. क्रोममध्ये आभाळ येतं, शेत येतं, समोरचं माणूस येतं. आजकालच्या गियरच्या सायकलींमध्ये कोणीच येत नाही.

ती म्हणाली, आजोबा नेऱ्याला आत्याकडे गेलेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. परत यायच्या आत सायकल चकाचक पाहिजे. "आम्हाला धरणावर जोडीनं फोटो काढायचेत हिच्यावर. २३ तारखेला. तू पण ये हां, मदत लागेल."

जोडीनं. तू पण ये. दोन वाक्यं शेजारी ठेवली की अर्थ उघड आहे.

फक्त पैलवानांची धास्ती आहे. कोणीतरी न विचारता या सायकलची घंटी वाजवली होती. यांनी त्याला उचलून ओढ्यात बसवला आणि काठावर उभं राहून स्वतः घंटी वाजवत राहिले, असं सांगतात. तो गडी अजून घंटीला दचकतो.

मी घंटीला हात लावणार नाही.

४ नोव्हेंबर

शास्त्रीय निरीक्षण केलं. गंज काळा आहे आणि चिकट आहे. बोटाला लागतो. वासही येतो.

मित्र राजू टेम्पो लावून बघत बसला होता. म्हणाला, गंज चिकट कसा असंल रं जया? मी सांगितलं, फार जुना गंज मुरला की चिकटतो. तो म्हणाला, "गंज हाय का लोणचं?"

राजूला यातलं कळत नाही. मी मेकॅनिकलचं दीड वर्ष केलंय. सोडलं ते माझ्या मर्जीनं. सरांनी मी वर्कशॉपमध्ये घासून बनवलेला जॉब सगळ्यांसमोर भंगारात टाकला, मी त्यांचं हजेरीपुस्तक टाकलं. संपला विषय. डोकं गरम आहे, पण तत्त्वाचं आहे.

लाइटची टोपी काढून टॉवेलात गुंडाळून ठेवली. तिला मी काहीही करणार नाही. तिच्यावर गौतमीच्या बोटांचे ठसे आहेत.

७ नोव्हेंबर

पॉलिश पेपरनं हँडल घासलं. आतून चांदी निघाली! म्हणजे माझी पद्धत बरोबर. थोडे ओरखडे उठले, ते उन्हात दिसतात. फोटो सावलीत काढू.

काम फार हळू. सगळी दुपार गेली आणि वीतभर झालं. पेपर फेकला. डब्याला लाथ मारली. डबा डिझेलचा होता.

संध्याकाळी गौतमीचा फोन. आवाज खूश. आजोबांचा एक डोळा झाला, आता दुसरा. डॉक्टर म्हणाले, बाबा, मुंगीचे पायसुद्धा दिसतील तुम्हाला.

मुंगीचे पाय.

ओरखडे मोजायला बसलो.

९ नोव्हेंबर

भीतीचा दिवस. पण शेवट गोड.

हँडलचं थोडं काम झालंय ते सांगावं म्हणून गौतमीच्या घरी गेलो, तर दारात चपलांचा ढीग. आत माणसं. शुभांगीकाकू, म्हणजे तिची आई, लगबगीनं आली, हातावर पेढा ठेवला, "गोड बातमी हाय, खा." आजोबांच्या डोळ्याचेच असणार. दोन खाल्ले.

नेऱ्याच्या आत्याचा मुलगा शेखर पाटावर बसला होता. हिंजवडीत कंपनीत आहे. कपाळाला टिळा, डोक्यावर टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. दवाखान्यात गाडीनं ने-आण केली म्हणून मानपान केलेला दिसतो. चांगली पद्धत आहे. ड्रायव्हरलाही मान पाहिजे.

मग कोपऱ्यात लक्ष गेलं. पैलवान! नेऱ्याहून आजच्यापुरते आलेले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. एकच डोळा, पण पूर्ण माझ्यावर. "कुणाचं रं तू?" मी नाव सांगितलं. त्यांनी मनगट धरलं, दाबलं, सोडलं. "दम न्हाई." मग घरात सगळ्यांना विचारलं, "माजी सायकल कुटं हाय?"

गौतमी पटकन म्हणाली, आहे आहे, पुसायला दिलीय.

मी मागच्या दारानं निघालो.

राजूला सगळं सांगितलं. तो टेम्पोच्या बॉनेटवर डोकं ठेवून हसला. म्हणाला, येड्या, आत्याच्या पोराला मामाची पोरगी देत्यात की आपल्यात. मी सांगितलं, आता कोण करतं तसलं, सायन्सच्या विरुद्ध आहे. आत्याचा मुलगा म्हणजे भाऊ. राजू म्हणाला, बरं भाऊ.

१० नोव्हेंबर

वेळ नाही. आजपासून आधुनिक पद्धत.

संडास धुवायचं ॲसिड. जुन्या गंजाला जालीम उपाय, व्हिडिओत बघितलंय. त्यातला माणूस कुठल्या भाषेत बोलत होता कळलं नाही, पण बोट वर करून फार ठासून सांगत होता. उत्तेजनच देत असणार.

हँडल, चेनकव्हर आणि रिमा ड्रममध्ये बुडवल्या. फसफसलं. डोळ्यांतून पाणी. मांजर शेड सोडून पलीकडच्या बांधावर जाऊन बसली आणि तिथून बघत राहिली. तिची ती नजर आवडली नाही.

व्हिडिओतल्या माणसानं लगेच बाहेर काढलं होतं. पण त्याचा गंज साधा होता. माझा मुरलेला. सकाळी काढीन.

११ नोव्हेंबर

देवा.

११ नोव्हेंबर, दुपारी

शांतपणे लिहितो. गंज पूर्ण गेला. क्रोमही पूर्ण गेलं. खाली पिवळसर, मळकट काहीतरी आहे. न घासलेल्या दातांसारखं. त्यात आभाळ येत नाही, शेत येत नाही. मी तर अजिबात येत नाही.

पत्रा उन्हानं तापून टण् वाजला आणि मी पोत्यामागे जाऊन बसलो. मला वाटलं काठी.

मी घाबरलेलो नाही. पोत्यामागे सावली चांगली आहे.

१२ नोव्हेंबर

भोसरीकडे एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो. आधी घासायचं, मग तांबं चढवायचं, मग निकेल, मग क्रोम. तो फोनवर कोणाशी तरी भांडत होता, मला बोटांनीच दाखवलं, तीन. मी म्हटलं तीन दिवस चालतील. तो म्हणाला आठवडे. मी म्हटलं, मला शिकवू नका, मी मेकॅनिकलचा आहे. त्यानं फोन खाली ठेवला. दोघांपैकी एकाशीच भांडायचं त्यानं ठरवलं असावं, आणि मला निवडलं.

हँडल घेऊन बसनं परत. मारुंजीपर्यंत एक म्हातारा हँडलकडे टक लावून बघत होता. पैलवानांच्या ओळखीचा असेल काय? एक स्टॉप आधी उतरलो. चालताना दोनदा मागे बघितलं.

१५ नोव्हेंबर

सुटलो! क्रोम स्प्रे. डब्यात मिळतो. मारला आणि सोळा आणे आरसा. स्वतःला बघून डोळे भरून आले. (थोडा वासही आहे.)

आता लग्नाचं बोलणं कोणी काढायचं, एवढाच प्रश्न. गौतमीनं काढलं तर बरं.

१६ नोव्हेंबर

सकाळी प्रेमानं हँडलवर हात ठेवला. हात चांदीचा झाला. हँडल राखाडी.

डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की हा शोभेच्या वस्तूंसाठी आहे, हाताळू नये. आधी का नाही सांगितलं?

पुन्हा मारला. आता वाळू द्यायचा आणि कोणी हात लावायचा नाही. सायकलच्या हँडलला कोण कशाला हात लावेल?

१९ नोव्हेंबर

पैलवान परत नेऱ्याला गेले होते, दुसरा डोळा झाला. राजूनं बातमी आणली. नेऱ्यात आत्याच्या ओट्यावर बसून रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचून दाखवतात म्हणे. काळा चष्मा घालून.

राजूला सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही. तेव्हा खरी भीती वाटली.

त्यानं विचारलं, ओढ्याला पाणी हाय का रं आता? मी जाऊन बघून आलो. गुडघाभर आहे.

२२ नोव्हेंबर

सायकल जोडली. लाइटची टोपी टॉवेलातून काढली आणि बसवली. सगळ्या सायकलीत तीच एक खरी. हँडल प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. गौतमी घ्यायला आली, सोबत शेखर गाडीत. मी बजावलं, ही ॲन्टिक फिनिश आहे, हात न लावता बघायची. शेखर म्हणाला, "चालवायची कशी मग?" या ड्रायव्हर लोकांना कलेतलं काही कळत नाही.

ती म्हणाली, उद्या पांढरा शर्ट घालू नकोस हं. पांढरा आम्ही घालतोय.

आम्ही?

संकल्प: उद्या हात पैलवानांपासून लांब ठेवायचा. खरं तर हातच काय, आपणच लांब राहायचं.

२३ नोव्हेंबर

धरणाच्या काठी. कॅमेरावाला मनीष. मला बघून विचारलं, तूच का तो हेल्पर? आणि हातात चांदीचा गोल पडदा दिला, ऊन उलटवून चेहऱ्यावर टाकायचा. म्हणाला, एवढंच धरून उभा राहा, हलू नको.

मी धरून उभा राहिलो. गौतमी आली. पांढरा ड्रेस. शेखर आला. पांढरा कुर्ता. मनीष ओरडला, "नवरदेव, सायकलवर! नवरी पुढच्या दांडीवर!"

मी हललो नाही. तसं सांगितलंच होतं.

पैलवान खुर्चीवर बसले होते, काळा चष्मा, माझ्याकडे तोंड. पडदा थरथरत होता. मनीष म्हणाला, लाइट का नाचतोय रे? मी म्हटलं वारा आहे. झाडाचं पान हलत नव्हतं.

शेखरनं प्लास्टिक काढलं. दोन्ही हातांनी हँडल धरलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मनीष म्हणत होता, वा, आता तिच्या गालाला हात लावा. लावला.

गौतमीच्या गालावर चांदीची पाच बोटं.

ती हसायला लागली. शेखर पुसायला गेला तर कपाळावर, मग केसांवर. कुर्त्यावर. शुभांगीकाकू पदर घेऊन धावल्या, पदरावर. आत्या ओरडली, अगं बाई, पोरीला कलई केली! जो तो ज्याला त्याला पुसत होता आणि वाढत होतं.

पैलवान उठले.

मला पळायचं होतं. पण हातात मनीषचा पडदा होता. ते आले, आधी सायकलजवळ. हँडलला एक बोट लावलं, बोट बघितलं. चष्मा वर केला. मग माझ्याजवळ आले आणि तेच मनगट धरलं.

"हे काय केलंस?"

मी म्हटलं, गंज काढला, आजोबा. फार जुना होता. चिकट.

त्यांनी बोट माझ्या शर्टाला पुसलं. मग म्हणाले, "आरं, ते ग्रीस हुतं. आपल्याकडचा पाऊस लई खातो लोकंडाला. मिरगाच्या आधी सगळ्या क्रोमाला ग्रीस माखायचं आन् दसऱ्याला रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं. सासऱ्यानं दिली तवापासून माखतुया. औंदा डोळ्यानं दिसत न्हवतं म्हनून पुसायचं राह्यलं. खाली सगळं नव्यावानी हुतं."

मी लाइटच्या टोपीकडे बघितलं. दोन हात मारले होते तिनं. फक्त दोन.

त्यांनी विचारलं, काय शिकलास? मी म्हटलं, मेकॅनिकल, पण मधेच सोडलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "पुरं केलं असतंस तर लाइट बी गेला असता."

ओढ्यात बसवलं नाही. मनगट सोडलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसले, पाण्याकडे तोंड करून. त्यापेक्षा ओढा बरा होता. जाताना एवढंच म्हणाले, सायकल घरी सोड, चालवत नको, हातात धरून. आन् पुसू नको.

धरणापासून रिह्यापर्यंत हातात धरून आणली. दोन्ही तळहात चांदीचे. वाटेत कोणीही ओळखीचं भेटलं की मी हात खिशात घालायचो आणि सायकल पडायची.

२४ नोव्हेंबर

गौतमीनं सगळ्यांना फोटो पाठवलेत. त्यांच्या ग्रुपवर मलाही घेतलंय, सायकल उचलायची होती तेव्हा घेतलं असेल.

एक फोटो फार सुंदर आलाय. ती दांडीवर, तो मागे, दोघं हसतायत, तिच्या गालावर चांदीची बोटं. मनीष म्हणतो असा इफेक्ट पैसे देऊन येत नाही.

पुढच्या लाइटची टोपी लखलखतेय. मोठा करून बघितला. टोपीत आभाळ आलंय, धरण आलंय आणि मधोमध मी. पडदा धरून. नाक पुढे.

मनीषनं ग्रुपवर विचारलं होतं, लाइटमध्ये हेल्पर दिसतोय, एडिट करून काढू का?

गौतमीचं उत्तर: राहू दे, कोणाला कळतंय.