अकरावी टक

४ फेब्रुवारी
मी सांगते, सून ऊर्मिला लिहिते. अंगठेबहाद्दर बाईची रोजनिशी म्हणून जशवंत हसतो. हसू दे. पाळण्यातलं त्याचं बोलणं मलाच कळायचं, तेव्हा कुठली अक्षरं होती?

आज जामनगरला त्याच्या नव्या घरी आले. ताटात लापशी, कोपऱ्यात काळाभोर टेलिफोन! आकडे वाचता येत नसले तरी भोकं मोजता येतात. बोट घालायचं, अडसरापर्यंत फिरवून सोडायचं. तबकडी परत येताना जितवं भोक तितक्या टका वाजतात. परगावचा फोन जोडणाऱ्या ट्रंकच्या ऑपरेटरसाठी शेवटचं भोक, दहा टका. शिकले ते रसीलासाठी. माझी लेक भूजला सासरी, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेत.

६ फेब्रुवारी
एकटीनं फोन लावला! नावानिशी ट्रंक मागितला, म्हणजे ते माणूस आलं की मगच जोडून देतात. जोर जास्त झाला, बोट अडसरावरून घसरलं. टका मोजल्या, अकरा. ऑपरेटर बाई गोड. गाव विचारलंच नाही, नाव तेवढं टिपलं. लेकीनं आईला म्हणावं तसं मला ‘बा’ म्हणाली. बा, रसीलाबेन अजून इथं आल्या नाहीत. आल्या की घंटी देते.

ऊर्मिला म्हणते, भोकं दहाच आहेत बा, अकरावी टक काय माहेराहून आणलीत?

९ फेब्रुवारी
दुपारी घंटी वाजली. तीच बाई. रसीलाबेन अजून यायच्या आहेत, तोवर त्यांच्या बापूंशी बोलता का, इथंच बसलेत. मागे कोणी खोकलं. त्या खोकल्यानं मला चाळीस वर्षं झोपू दिलं नाही, ओळखणार नाही? त्यांना जाऊन सात वर्षं झाली.

म्हणजे ‘इथं’ ते — रसीला तिथं पोचली की —

१० फेब्रुवारी
जशवंतनं एक्स्चेंजात विचारलं. आपल्याकडून बुकिंगच नाही म्हणे. नसलेलं रद्द कसं करायचं? फिरवते. दहा. पुन्हा — दहा. बोट सोललं.

१२ फेब्रुवारी
भूजहून तार. रसीला अडली आहे. दहा — दहा —

अकरा! म्हटलं, बाई, बुकिंग रद्द कर. म्हणाली, नोंदलेला कॉल रद्द होत नाही. नाव मात्र बदलता येतं.

बदल, म्हटलं. पुरं नाव मागितलं. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं. काशीबेन कानजी. फोन ठेवा म्हणाली. घंटी देते.

१३ फेब्रुवारी
तार! मुलगी झाली, दोघी सुखरूप. ऊर्मिलेकडून दोनदा वाचून घेतली. लापशी चढवली —

घंटी. लांब, ट्रंकची.

ऊर्मिला उठत होती, खाली बसवली. तू लिही गं, रडतेस काय? बघते, खोकल्यावर काढा घेतात की नाही —

हॅलो. हो, तयार आहे. मीच. काशीबेन कान—