तब्येत ठणठणीत, भत्ता चालू

१४ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्यात नवं पर्व सुरू होत असताना कुठेतरी नोंद हवी.

पार्श्वभूमी. उभं आयुष्य लोकांचं घरसामान हलवलं. आमच्या यॉर्कशायरच्या या टेकडीवर असं एक घर नसेल ज्याचं कपाट या पाठीने वाहिलेलं नाही. मग एका जिन्यावर एक पियानो माझ्या अंगावर बसला. चूक पियानोची. तेव्हापासून सरकारचा आजारपणाचा भत्ता. त्यातून घराचं भाडं जातं. मॉरीन, म्हणजे माझी बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढते, त्यातून बाकीचं भागतं.

हे तात्पुरतं आहे. ईस्टरपर्यंत पूर्ण वेळ कामावर. ठरलं.

१७ ऑक्टोबर
काम मिळालं! मॉरीनच्याच शाळेसमोर. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. पिवळा झगा, टोपी आणि हातात उंच दांडा, वर 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. सकाळी थोडा वेळ, शाळा सुटताना थोडा वेळ. नगरपालिकेच्या मिसेस प्रीस्टली यांनी विचारलं, उभं राहणं जमेल ना? मी हसलो. म्हटलं, बाई, आजवर केलं काय दुसरं?

मॉरीनने लगेच भत्त्याच्या कचेरीला फोन करून कळवलं. आजारपणाचा भत्ता घेणाऱ्यालाही थोडे तास काम चालतं म्हणे, फक्त लपवायचं नाही. मी म्हटलं, कळवायची एवढी घाई कशाला, ईस्टरपर्यंत भत्ता सोडणारच आहे. ती म्हणाली, ईस्टरला तू सोड, भाडं कोण सोडणार आहे? बायकांना दूरचं दिसत नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार
पहिला दिवस. धुकं. पाटी वर केली आणि दुधाची गाडी, दोन मोटारी आणि एक बस, सगळं जागच्या जागी थांबलं. पियानो सोडला तर आजवर माझ्यासाठी काही थांबलेलं आठवत नाही.

दांड्याविषयी टीप: तो जमिनीला टेकवून, त्यावर थोडा भार देऊन उभं राहण्यात एक रुबाब आहे. हॉस्पिटलने दिलेली काठी छत्र्यांच्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. काठी म्हाताऱ्यांची. दांडा हुद्द्याचा.

१२ नोव्हेंबर
सकाळी मोजे घालायला मॉरीनची मदत. हल्ली मोज्यांचं इलॅस्टिक फार घट्ट करतात. कंपनीला लिहायला हवं.

२२ नोव्हेंबर
पबमध्ये क्लाइव्ह भेटला. ट्रकवर माझा जोडीदार होता, कपाटाचं खालचं टोक त्याचं, वरचं माझं. सगळ्यांसमोर म्हणाला, काय रे बर्नार्ड, भत्ता आजारपणाचा खातोस आणि चौकात पोलीस कमिशनरसारखा उभा राहतोस, मजा आहे बाबा तुझी! सगळे हसले. मीही हसलो. कमिशनरसारखा दिसतो हे त्याच्याही लक्षात आलं, याचा आनंदच आहे.

घरी येताना वाटेत तीन-चार ठिकाणी कुंपणांवर टेकलो. ओळखीचे लोक भेटतात, बोलावं लागतं. आज कोणी भेटलं नाही, पण भेटलं असतं.

२ डिसेंबर
भत्त्याच्या कचेरीकडून निरोप. अधूनमधून करतात तशी तब्येतीची तपासणी, या वेळी फोनवर. मॉरीन रोज रात्री शिकवणी घेते. म्हणते, चांगल्या दिवसाचं सांगू नकोस, सगळ्यात वाईट दिवसाचं सांग. मोज्यांचं सांग. आंघोळीचं सांग. मी म्हटलं, अनोळखी बाईला आंघोळीचं सांगायला मी काय वेडा आहे? ती म्हणाली, वेडा नाहीस, सुंभ जळला तरी पीळ न जाणारा आहेस. पण मी वचन दिलंय. सगळं खरं सांगणार.

१० डिसेंबर
तपासणी झाली. उत्कृष्ट!

फोन उशिरा आला, तोवर मॉरीन कामावर गेली होती. बरंच झालं. बाई फार गोड बोलत होत्या. आधी विचारलं, कसे आहात मिस्टर हॉल्ड्सवर्थ? मी म्हटलं, उत्तम, तक्रार नाही. आता याला खोटं म्हणत नाहीत. आमच्याकडे माणूस बर्फात गळ्यापर्यंत गाडला गेला तरी 'कसं काय?' म्हटलं की 'ठीक, तक्रार नाही' म्हणतो. माझ्या वडिलांनी मरणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरला हेच सांगितलं होतं.

मग प्रश्न. बसस्टॉपपर्यंत चालता येतं? म्हटलं, हो. (येतं. कुंपणांचं तिने विचारलं नाही.) काठी वापरता? नाही. (कपाटात आहे.) मोजे घालता? रोज. (कोण घालतं हे तिने विचारलं नाही.) दुखतं का? थोडं अवघडतं, थंडीत सगळ्यांचंच अवघडतं. आणि ते शाळेपुढचं काम? तिथे मी जरा खुललो. दांड्याविषयी, बसविषयी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर लोक रडगाणी सांगतात, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. मलाही बरं वाटलं.

मॉरीनने विचारलं, काय सांगितलंस? म्हटलं, सगळं. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि कस्टर्ड केलं. कस्टर्ड नीट गिळवलं नाही. जरा गाठी झाल्या होत्या बहुतेक.

२१ डिसेंबर, शनिवार
क्लाइव्हला सोफा हलवायला एक माणूस हवा होता. पबमधल्या हसण्याला उत्तर द्यायची संधी. गेलो. वरचं टोक माझं, जुनी सवय. सोफा सुखरूप पोचला.

२३ डिसेंबर
दोन दिवस बैठकीच्या खोलीत जमिनीवर. डॉक्टर म्हणतात, कठीण पृष्ठभाग पाठीला चांगला. छताकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. रंग द्यायला झालाय. ईस्टरनंतर देतो.

मॉरीनने सूप चमच्याने पाजलं. क्लाइव्हविषयी ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

२५ डिसेंबर
नाताळ. जेवण जमिनीवर. सहलीला आल्यासारखं वाटलं.

७ जानेवारी
शाळा सुरू. पुन्हा चौकात. रस्त्यावर बर्फ, खाली पाय बधिर. बूट पातळ आहेत. मुलं 'गुड मॉर्निंग मिस्टर बर्नार्ड' म्हणतात तेव्हा सरळ उभं राहावं लागतं. राहतो.

१४ जानेवारी
किरकोळ प्रसंग. रस्त्याच्या मधोमध उभा होतो, मुलं ओलांडून गेली, आणि डावा पाय माझा राहिला नाही. म्हणजे होता, पण आपला म्हणून ओळख देईना. दोन्ही बाजूंना गाड्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, हे विशेष. दांडा घट्ट धरून मी परिस्थितीचा आढावा घेत होतो.

तेवढ्यात फ्रेया, पहिलीतली, समोरचे दोन दात पडलेली, परत रस्त्यात आली. आईचं ओरडणं ऐकलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, दोन्हीकडे बघा, मग चला. आम्ही दोन्हीकडे बघितलं. मग चाललो. फुटपाथवर पोचल्यावर तिने मला शाबास म्हटलं, मी तिला म्हणतो तसं.

लहान मुलं प्रेमळ असतात. यापेक्षा जास्त अर्थ काढू नये. मात्र मूल गाड्यांमध्ये परत आलं होतं. ते माझ्यामुळे. हे डोक्यातून जात नाही.

२० जानेवारी, सोमवार
पत्र आलं. सरकार म्हणतं, मी कामाला पूर्णपणे सक्षम! चालतो, उभा राहतो, काठी लागत नाही, स्वभाव आनंदी, नियमित काम करतो. मी कधीपासून हेच सांगतोय. मॉरीनला हाक मारली. म्हटलं, बघ, सरकारी शिक्का.

तिने वाचलं. खालच्या परिच्छेदात भत्ता बंद असं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. ती कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, तू सगळं सांगितलंस म्हणाला होतास.

सूपच्या डब्यांचं कपाट लावायचं होतं, मी ते लावत बसलो.

२२ जानेवारी
मिसेस प्रीस्टली शाळेत आल्या होत्या. फ्रेयाच्या आईने त्यांना कळवलं होतं. चहा दिला, खुर्ची दिली, खुर्चीवर उशी दिली. म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही, मुलं तुमची आठवण काढतील, पण तुम्ही उभं राहायला सक्षम नाही. झगा त्यांनी स्वतः उतरवून घेतला, कारण बाही मागे ओढताना माझा हात अडकला.

म्हणजे सोमवारी एका सरकारी कचेरीने ठरवलं की मी कुठलंही काम करू शकतो, आणि बुधवारी दुसरीने ठरवलं की मला दांडा धरून उभंही राहता येत नाही. दोन्हींच्या मते मी माणूस मात्र चांगला. त्या दोघींनी एकदा भेटून ठरवावं. मी मधे पडणार नाही.

३ फेब्रुवारी
मॉरीनने संध्याकाळचं काम धरलंय. दवाखान्याच्या लाद्या पुसायच्या. तिचे गुडघे मुळात बरे नाहीत. मी म्हटलं, तात्पुरतं आहे. ती म्हणाली, तुझं तात्पुरतं मी दोन वर्षं ऐकतेय. घरमालकाशी तिनेच बोलणं केलं, महिनाभर थांबतो म्हणालाय. नाही जमलं तर तिच्या बहिणीकडे, मागची खोली, वर चढायला लोखंडी जिना.

आज पहिल्यांदा तिची लाज वाटली. म्हणजे तिच्यासमोर माझी.

१० फेब्रुवारी
फेरविचाराचा अर्ज फोनवर करता येतो. मी आज करणार होतो. लाइन व्यग्र असणार असं वाटलं.

११ फेब्रुवारी
आजही व्यग्र असणार असं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मॉरीनने सुट्टी काढली, फोन स्पीकरवर लावला आणि माझ्या समोर हाताची घडी घालून बसली. लाइन व्यग्र नव्हती.

पलीकडची मुलगी होती, समजूतदार आवाजाची. नाव, जन्मतारीख झाली. मग विचारलं, निर्णय चुकीचा आहे असं तुम्हाला का वाटतं? मी म्हटलं, चुकीचा असं म्हणता येणार नाही, तुमच्या बाईंनी त्यांचं काम नीटच केलं, फार सभ्य होत्या. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही काम करू शकता? मी म्हटलं, तसं बघितलं तर माणसाने मनात आणलं तर. ती गोंधळली. म्हणाली, सर, मग अर्ज करायचाय की नाही? मी मॉरीनकडे पाहिलं. तोंड उघडलं. मोज्यांचं सांगायचं होतं, पक्कं ठरवून ठेवलं होतं. बाहेर पडलं ते एवढंच, की आज तुमच्याकडेही पाऊस आहे का?

मॉरीनने फोन ओढून घेतला. मुलगी म्हणाली, मिसेस हॉल्ड्सवर्थ, तुम्ही बोलायला त्यांची परवानगी लागेल. मी म्हटलं, बोलू दे तिला. या सबंध प्रकरणात मी उच्चारलेलं हे पहिलं उपयोगाचं वाक्य.

मग ती बोलली. शाळेत आज काय शिजलंय ते सांगावं तशा आवाजात. मोजे मी घालते. टबमधून बाहेर काढते, तेव्हा तो डोळे मिटून गाणं म्हणतो, म्हणजे मी बघतेय हे त्याला बघायला नको. बसस्टॉपपर्यंत जायला त्याला अर्धा तास लागतो, खिडकीतून दिसतं मला, प्रत्येक कुंपणावर बसतो. कामावर जायचा तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची, पडला तर धावता यावं म्हणून. मोठ्या बाईंना विचारून ठेवलं होतं.

मुलगी टाइप करत होती, ते ऐकू येत होतं. तिने विचारलं, आणि झोप? रात्री झोप लागते का त्यांना?

मॉरीन माझ्याकडे न बघता म्हणाली, नाही. रोज पहाटेपर्यंत उशी तोंडात धरून रडतो, आवाज होऊ नये म्हणून.

मला वाटायचं, तिला झोप लागलेली असते.