हिंमतरावांच्या मापाचे सदरे

मी, द्वारकाबाई भ्र. हिंमतराव नलवडे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते; ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावे. मला कोणी धाक घातलेला नाही. तसा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

१. माझे पती हिंमतराव फौजेत होते. डिसेंबर १९७१ च्या लढाईत ते बेपत्ता झाल्याची तार आली. ते वारले असे कोणी कळवले नाही, सापडले असेही कळवले नाही. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झाले होते आणि त्यात आम्ही एका घरात राहिलो ते दोन रजांपुरते. दुसऱ्या रजेत देवळाजवळच्या माकडाने त्यांची फौजी टोपी पळवली. हे त्याच्यामागे पत्र्यांवरून धावत, "आरं, सरकारी हाय ती!" आणि खाली सगळे गाव हसत. मी नवी सून, तोंडाला पदर लावून हसले. त्यांनी वरून ते पाहिले आणि टोपी सोडून दिली. एवढा संसार मला पुष्कळ पुरला. मूलबाळ नाही.

२. दोन खोल्यांचे राहते घर पुतण्या युवराज याला. तो माझे धाकटे दीर कै. हरिबा यांचा मुलगा. माझी मैत्रीण बानूबाई दुपारी ओट्यावर येऊन बसते, तिला कोणी उठवू नये.

३. शिलाई मशीन युवराजची मुलगी हर्षाली हिला. ती धाराशिवला कॉलेजात आहे आणि म्हणते, "आजी, आता सगळं रेडिमेड मिळतंय." मिळू दे. मशीन विकायचे नाही.

४. पितळी परात कोणालाही द्या, पण वरच्या आळीत देऊ नका. तिथल्या बायकांनी मला एकदाही हळदीकुंकवाला बोलावले नाही.

५. लोखंडी पेटीत सदरे आहेत. दर दिवाळीला मी ह्यांच्यासाठी एक शिवत आले. बरेच गरजूंना दिले, काही उरले आहेत. आता माप कुठून आणायचे? चोविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचे पन्नाशीत पोट किती सुटले असेल, हे कोण सांगणार? हरिबांचा बांधा थेट ह्यांच्यासारखा. ते शेताकडे निघाले की मी पाठीमागून त्यांचे खांदे डोळ्यांनी मोजायची. हरिबांशी मी सव्वीस वर्षे एक शब्द बोलले नाही, पण माप मात्र त्यांचेच घेतले.

न बोलण्याचे कारण असे. बारा वर्षे पत्ता लागला नाही तर माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे घरच्यांनी रडून मोकळे व्हावे. मी नको म्हणत होते. १९८४ च्या संक्रांतीला माहेरी कळंबला गेले आणि परतले, तर गावात एकच बोलणे, हरिबाने भावाला अग्नी दिला. बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या. मी कात्री घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. एकीनेही पाऊल पुढे टाकले नाही.

२०१० साली हरिबांनी अंथरूण धरले तेव्हा मला बोलावून घेतले. म्हणाले, "वहिनी, म्या दादाला जाळलं न्हाई. पुतळा केला, पन काडी वडायला हात उठंना. पानं म्हशीला घातली. भावकी तुमच्या लई मागं लागली व्हती, म्हून झालं म्हून सांगितलं."

मी म्हटले, "मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी बोलतच नव्हता की, वहिनी."

चूक माझी, आणि ती मी इथे लिहून देते. त्यानंतर पाच दिवस ते होते. पाचही दिवस आम्ही बोललो. दादा कसा चालायचा, दादा भाकरी कशी मोडायचा, एवढेच. ते दिवस फार सुखाचे गेले. त्यांच्या माघारी मला माप उरले नाही. पुढचे सदरे अंदाजाने शिवले. सगळे युवराजने घालावेत. खांदे घरचेच आहेत.

६. शेत साडेचार एकर. त्यातला निम्मा हिस्सा सातबाऱ्यावर अजून हिंमतरावांच्या नावे आहे. कसतो युवराज, तो त्यालाच मिळावा. धाराशिवचे वकील म्हणाले, "आजी, फक्त एक ओळ लिहा, माझे पती वारले. मग हिस्सा तुमचा, तुम्ही द्याल त्याचा. नाहीतर हा पोरगा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल." ती ओळ लिहायला मी तीनदा पेन उचलले. युवराज म्हणाला, "मोठ्याई, नगा लिहू. कोर्टाचं म्या बघतो." त्याने भांडण केले असते तर सोपे गेले असते.

७. म्हणून असे लिहिते. हा कागद माझ्या मरणानंतरच लागू होतो. तर ज्या घटकेला माझा श्वास थांबेल, त्याच घटकेला हिंमतराव वारले असे सरकारने, गावाने आणि युवराजने समजावे आणि त्यांचा हिस्सा युवराजने घ्यावा. त्याआधी नाही. वकील म्हणाले, "असं कायद्यात बसवणं अवघड आहे." मी म्हटले, मी जन्मभर लोकांचे तोकडे कापड बसवून दिले, तुम्ही ही एक ओळ बसवा.

दोघांचा दहावा एकाच दिवशी करा. मग कोणी वाट पाहायची नाही. युवराज, तूसुद्धा नाही. तेवढी मी पाहिली आहे. आणि आम्ही दोघे एकाच घटकेला गेलो, म्हणजे मी क्षणभरही विधवा नव्हते. मला हिरव्या साडीत न्या.

लिहिले ते वाचून पाहिले, खाडाखोड नाही. साक्षीदारांसमोर सही करते.

सही: द्वारकाबाई हिंमतराव नलवडे

साक्षीदार:
१. शिवप्रसाद, किराणा दुकानदार (सही)
२. बानूबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: सोनारी
तारीख: १९ नोव्हेंबर २०२५