बरोबर आलं की पुढं जाते

बाई,

माझी मुलगी हल्ली फोनवर गणित शिकते. फोनमधला तो शिक्षक तिच्याशी बोलतो, ती अडली की थांबतो, तिला कळेल अशा शब्दांत पुन्हा सांगतो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्याला. माझं पोट त्याच कामावर चालतं, म्हणून ओळखीचे लोक मला विचारतात, मुलांनी हे वापरावं की नाही? मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर द्यायचं तर तुमच्याबद्दल सांगावं लागेल, आणि ते मला कुणापुढे नीट सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमची कामगारवस्ती, वडील कारखान्यात लेथवर, अभ्यासाला जागा म्हणजे विहाराचा ओटा. शाळा सुटली की तुम्ही मला थांबवून घ्यायचात. खुर्चीवर न बसता माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसायचात. पाय सुजलेले असायचे तुमचे. चपला काढून पाय फरशीवर टेकवायचात. मी चुकले तरी तुम्ही कधी फुली मारली नाही. एकदा मी अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं. तुम्ही म्हणालात, "बरं, समजू बरोबर आहे. अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, आणि ती अर्ध्याहून कमी झाली. कुठं गेली गं?" मी हसले आणि हसता हसताच मला कळलं. दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून मी उत्तरं पाठ करून आले, तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला होता. "मला उत्तर नको. तू तिथवर कशी आलीस ते सांग." शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुम्ही मला कंपासपेटी दिलीत. आमच्या वस्तीतून इंजिनियरिंगला गेलेली मी पहिली मुलगी. हे सगळं तुमच्यामुळे, असं मी सांगत आले आहे, अजूनही सांगते.

पुण्यात नोकरी करून मी नाशिकला परतले ती एका छोट्या कंपनीत. आम्ही शाळांसाठी कॉम्प्युटरवर गणित शिकवणारा कार्यक्रम बनवत होतो. मूल कुठं चुकतं ते बघून पुढचं गणित निवडायचं, आणि चुकलं की समजावून सांगायचं. आजच्या मानानं त्याची हुशारी बेताचीच होती. समजावणारा आवाज माझा होता, कारण बाहेरचा माणूस परवडत नव्हता. पंखे बंद करून, घाम पुसत मी बोलायचे, आणि बोलताना माझ्या तोंडून तुम्हीच यायचात. चाचणीसाठी तुमचीच शाळा मागून घेतली. तुमची निवृत्ती तेव्हा जवळ आलेली.

तुम्ही हेडफोन लावून बसलात, मुद्दाम चुकीचं उत्तर दिलंत, ऐकलंत. मग हेडफोन काढून म्हणालात, "ही तर मीच बोलतेय."

"हो बाई."

"विचारायचंस तरी." पण हसत होतात. मग म्हणालात, "हे दमत नाही?"

"नाही."

"आणि असं सगळ्यांना सांगतं?"

"ज्याला जिथं अडेल तिथं."

तुम्हाला वाईट वाटेल असं मी धरूनच चालले होते. माणसाची जागा मशीन घेऊ शकत नाही, हे वाक्य घोकून आले होते. पण तुम्ही विचारलंत, "तुझ्या बाकावरची ती पेठकडची मुलगी आठवते?"

आठवत होती. भात निघाला की तिचे आईवडील पेठ तालुक्यातल्या गावाहून शहरात बांधकामावर यायचे आणि पावसाआधी परत जायचे. ती दर वर्षी अर्ध्यात येऊन बसायची. शाळा सुटल्यावर दारात उभी राहून म्हणायची, "बाई, मी पन बसू का?"

"तिला मी उद्या ये म्हणायचे," तुम्ही म्हणालात. "रोज उद्या. मला एकीलाच नीट शिकवायचं बळ उरायचं. तू पोचशील असं दिसत होतं, ती पावसाआधी जाणार होती. मी निवडलं. याला निवडावं लागत नाही ना? मग येऊ दे शाळेत."

मला राग आला, बाई. तिच्यासाठी नाही, तुमच्यावर. इतकी वर्षं जे माझं म्हणून जपलं, ते तुम्ही एका वाक्यात दुसऱ्या कुणाचं करून टाकलंत. मी वायरी गुंडाळत राहिले.

पुढे काही आठवड्यांनी तुमचा ऑफिसात फोन आला, "जरा येऊन जा." सहावीतली एक मुलगी होती. कॉम्प्युटरच्या अहवालात ती सगळ्यात कच्ची. रोज एकाच पायरीवर अडकलेली. तुम्ही तीच गणितं तिला फळ्यावर घातलीत आणि तिनं ती धडाधड सोडवली. माझ्यादेखत तुम्ही तिला विचारलंत, "मग तिथं का चुकतेस?"

ती खाली बघत बोटाला रिबीन गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "चुकलं की ती बाई समजावते. बरोबर आलं की पुढं जाते."

ती बाई समोर उभी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी काही बोलले असते तर तिनं आवाज ओळखला असता. तिची आई अंबडला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती, घरात दिवसभर तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, हे तुम्ही मला नंतर व्हरांड्यात सांगितलंत. आमचे साहेब म्हणाले, सोपं आहे, दोनदा चुकलं की समजावणं बंद करू. तुमचा प्रश्न वेगळा होता. "तिच्याजवळ कुणी थांबावं म्हणून तिला चुकावं लागू नये, असं काही करता येईल?" मी म्हटलं, मला येत नाही.

तुम्ही तिला म्हणालात, "उद्यापासून शाळा सुटल्यावर माझ्यापाशी बस." आणि मला फाटकापर्यंत सोडायला आलात तेव्हा म्हणालात, "बघ, परत एकीलाच निवडलं." चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मघाशी खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेली बाकीची मुलं आठवून तुम्ही ते बोललात, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

कंपनी फार दिवस टिकली नाही. तुम्ही निवृत्त झालात, नंतर आजारी पडलात. शेवटची भेटायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुझं ते मशीन?" मी म्हटलं, बंद पडलं. "आणि मुलं?" मी तुमच्या पायांवरची चादर सारखी केली, तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. ती रिबीनवाली मुलगी आता सिन्नरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पेठकडचीचं काहीच कळलं नाही. मध्ये कामानिमित्त पेठला जाणं झालं तेव्हा बाजारात माझ्या वयाच्या बायांकडे बघत फिरले, एकदोघींना तिच्या नावानं विचारलंही. नुसत्या नावावर कोण सापडतं?

आजचा हा नवा शिक्षक बरोबर आलं तरी पुढं जात नाही. मुलगी म्हणेल तितका वेळ थांबतो. दारात उभ्या असलेल्या कुणालाही त्याला उद्या ये म्हणावं लागणार नाही. तुम्हाला तो आवडला असता. मी मात्र मुलीच्या मागं उभी राहून ऐकते तेव्हा मला चैन पडत नाही. तुम्ही दमलेल्या असूनही माझ्यापाशी थांबत होतात, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला कुणीतरी मानतं हे मी त्यावरून ओळखलं. पण तुमचं ते दमणंच तर पेठकडचीला दारातून परत पाठवत होतं. यातलं एक ठेवून दुसरं कसं टाकायचं, ते इतकी वर्षं हे काम करूनही मला समजलेलं नाही.

हे तुमच्या मुलीला पाठवावं असं लिहिता लिहिता मनात आलं. आईबद्दल वाचून तिला बरं वाटलं असतं. पण ती माझ्याच वयाची. शाळा सुटल्यावर तीही घरी तुमची वाट बघत असणार, हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा पाठवायला नको. कारण तुम्ही माझ्यापाशी बसायचात तो तास परत करायचा म्हटला, पेठकडचीला नाहीतर तुमच्या मुलीला, तर मी तो देणार नाही, बाई. आजही नाही.