गोधडीची सुई

चि. ज्ञानबास थोरल्या अक्काचा आशीर्वाद.

हे पत्र तिकडं जपानात कोबेला पोचायचं न्हाय. सोलापुरात मार्शल लॉ लागलाय, गांधीटोपीला बंदी हाय, टपाल फोडून वाचत्यात. तरी लिहिते, कारण तू लिवलेलं डोक्यातनं जाईना. जपानी बाया मोडक्या सुया देवळात नेत्यात, खरवसासारख्या मऊ वडीत टोचत्यात आन म्हणत्यात, 'जन्मभर लई राबलीस, आता निवांत पड.' तवा मी हसले होते.

आज तुझे दाजी दुकानात गांधीटोपी शिवत बसलेले. शिपाई आत घुसला, त्यांचा हात उंबऱ्यावर दाबला आन बुटानं बोटं ठेचली. हाडं कडाकडा मोडली. "आता शिव की टोपी!" म्हणाला. माझ्या हातात गोधडीची मोठी सुई होती. ती मी त्याच्या गालात खुपसली. दातावर आपटून ती मोडली. अर्धी तोंडात घेऊन तो रक्त थुंकत पळाला.

उरलेली अर्धी मी भाकरीच्या पिठाच्या उंड्यात टोचली, हात जोडले. पण 'निवांत पड' म्हणायला जीभ उचलेना. दाजी आत कण्हतायत.

आता गल्लीत बूट वाजायला लागलेत. सुई मी उंड्यातनं परत काढून घेतली हाय.

तुझी,
राजाक्का