हॅल्वरची जड नळीची रायफल ऑरिनला देऊ नये, याबद्दल

मी, विल्मा ट्वेट, कै. हॅल्वर ट्वेट यांची पत्नी, राहणार हार्डिंग काउंटी, दक्षिण डाकोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर मोठे आहे ते मोतीबिंदूमुळे, रागामुळे नव्हे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; ते हॅल्वरलाही कधी जमले नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, गोठा, गुरे आणि सर्व जमीन माझी मुलगी सिग्ने हिला द्यावी. ती मिनियापोलिसला राहते आणि तिला बंदुकीचा आवाज सोसत नाही. मला तिच्या शहराचा सोसत नाही, त्यामुळे आम्ही फोनवर चांगले बोलतो. तिने जमीन चराईला दिली तरी चालेल, पण दक्षिणेच्या कुरणात प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळांत राहणाऱ्या खारीच्या जातीच्या जनावरांची, जी वस्ती आहे, तिच्यावर विष घालू देऊ नये. का, ते कलम पाचमध्ये आहे.

२. बँकेतली शिल्लक निम्मी सिग्नेला, निम्मी गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांना. लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजायचा माझा मोठा तवा चर्चच्या बायकांना. तो गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता त्यांनी तो स्वतःचा म्हणून वापरावा एवढेच.

३. हॅल्वरची हत्यारे, पाने आणि वेल्डिंगचे सामान विकावे. काडतुसे भरायचे यंत्र आणि पावडर मोजायचा काटा विकू नये. दोन्हींचे काय ते रायफलबरोबरच होईल.

४. आता रायफल. गवत बांधायच्या यंत्रात हॅल्वरचा उजवा हात सापडला आणि तीन बोटे कामातून गेली. दर गोळीला कडी ओढायची जुनी रायफल त्याला चालवता येईना. तेव्हा त्याने ही अर्धस्वयंचलित, पुढची गोळी आपोआप चढवणारी, बनवून घेतली: जाड, जड पोलादी नळी, हलका चाप, वर मोठी दुर्बीण. खांद्यावर घेऊन हिंडायची ही वस्तू नाही. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून तिला टेकवायची आणि लांबच्या बिळाच्या तोंडाशी उभे असलेले, ढेकळाएवढे जनावर टिपायचे. आमची गुरे आणि घोडे त्या बिळांत पाय मोडून घेतात. वस्ती कुरणात राहिली तर माझी हरकत नव्हती. गवताच्या शेताकडे सरकू लागली की आम्ही ती कड मागे ढकलत होतो.

शेजारी ऑरिन व्हॉसलर हा कडीच्या रायफलवाला. त्याने पहिल्याच दिवशी हिला नाव ठेवले: "शिलाई मशीन! हॅल्वर, याच्यावर परकर शिव तू. नेम नको धरूस." हॅल्वरने कागदावर पाच गोळ्या मारल्या आणि भोकांवर पाच सेंटचे नाणे ठेवले. एकही भोक दिसेना. ऑरिन म्हणाला, वारा पडला होता. मग त्याने मागून घेतली, सगळे मॅगझिन धडाधड रिकामे केले आणि शेवटच्या सगळ्या चुकवल्या. नळी तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत निशाण तरंगते, हे त्याला कळू नये? रायफल अर्धस्वयंचलित आहे म्हणून चालवणाऱ्याने अर्धवट असायची गरज नाही.

ती शाबूत आहे तोवर जिच्या-ज्याच्या हातात असेल त्याने हॅल्वरचे नियम पाळावेत. नळी थंड होऊ द्यावी. पिल्ले अंगावर पीत असतील तेव्हा मारू नये. ज्या बिळाशी, तिथेच घर करणारा पिंगळा उभा असेल त्या बाजूला नळी वळवू नये. एकट्याने बसू नये. शेजारी वारा सांगणारा हवा. आणि गोळी सुटली की शेजारच्याने तोंड उघडायच्या आत आपण सांगायचे कुठे गेली. चुकली तर "चुकली, माझी चूक" हेसुद्धा आपणच.

हॅल्वर गेल्यावर रायफल मी चालवू लागले. वारा सांगायला ऑरिन आपण होऊन आला. आम्ही दुसरे काही बोलत नव्हतो. "डावीकडून, चार इंच," एवढेच. त्याने वारा कधी खोटा सांगितला नाही, हे मान्य करते.

५. पण हॅल्वरच्या अंत्यविधीच्या जेवणात, तोंडात हॅमचा घास असताना, याच ऑरिनने मला विचारले होते, "शिलाई मशीन विकणार का गं?" ते मी विसरलेले नाही. त्यानंतरच्या वसंतात कुंपणापलीकडच्या कोणीतरी बिळांवर विष लावलेले ओटचे दाणे टाकले. आमची कुत्री बर्डी ते खाऊन माझ्या मांडीवर तडफडत मेली. त्या वर्षी एकही पिंगळा दिसला नाही. नाव लिहीत नाही, कारण पुरावा नाही आणि वकील रागावतो. पण मला अजून तिची आठवण येते आणि अजून राग येतो.

६. म्हणून माझ्यामागे ही रायफल लोहाराकडे नेऊन तिची नळी कापून टाकावी. कुंपणापलीकडे ती जाता कामा नये.

(कलम सहा मी रेघ मारून रद्द केले आहे. वाचता यावे म्हणून पुरते काळे केले नाही. कारण पुढे.)

७. वरचे सकाळी लिहून झाल्यावर मी दोन साक्षीदार बोलावले: टपाल आणणारी ग्वेन रेडफर्न आणि ऑरिन. ऑरिनला फोनवर सांगितले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ठाऊक आहे ना?"

तो म्हणाला, "ठाऊक आहे. पेन मी आणू, की तुझ्याकडचं चालतं?"

मला हेच हवे होते. त्याच्याच सहीने त्याला कोरडा ठेवायचे.

मला लिहिलेले नीट दिसत नाही, म्हणून मी ते त्यालाच मोठ्याने वाचायला लावले. त्याने वाचले. शिलाई मशीन वाचले, हॅमचा घास वाचला, अर्धवट वाचले. एक शब्द गाळला नाही. वारा सांगताना असतो तोच आवाज. पाचव्या कलमावर थांबला. ग्वेनने कॉफीचा कप खाली ठेवला.

"इथे चुकलंय," तो म्हणाला.

"काय चुकलंय?"

"'कोणीतरी' लिहिलंयस. कोणीतरी नाही. मी टाकलं विष. ऑरिन व्हॉसलर असं लिही."

मी पेन माझ्याकडे ओढले.

"बर्डी मेली त्याच दिवशी उरलेलं पोतं जाळलं," तो म्हणाला. "तुला सांगायला दारापर्यंत आलो, अन् तशीच गाडी वळवली. म्हणून वारा सांगायला यायला लागलो. चुकली, विल्मा. माझी चूक. आता दे पेन, सही करतो."

ग्वेन म्हणाली, "अरे, सही केलीस तर रायफल गेली की!"

"पुढचं कलम दिसतंय मला. ती तशीही कापायचीच आहे. आण इकडे."

मी बर्डीसाठी तेव्हा रडले नव्हते, ते आज टेबलाशी बसून रडले. मग पेन त्याच्या हातातून काढून घेतले. तोवर त्याने निम्मे नाव लिहिले होते.

"आता तुला साक्षीदार होता येणार नाही," मी म्हटले. "जा, दुसरा माणूस शोधून आण."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग टोपी न घालताच बाहेर पळाला आणि अंगणात गॅसची टाकी भरणाऱ्या मार्विनला हाताला धरून घेऊन आला.

तरी कलम सहाऐवजी असे वाचावे: रायफल, यंत्र आणि काटा ऑरिन व्हॉसलर यास द्यावा. अट एकच. कुंपणाच्या कोणत्याही बाजूला विष नाही. सिग्ने आली तर तिच्या कानांत बोळे घालून तिला शेजारी बसवावे आणि वारा बघायला शिकवावे.

हे सर्व मला पुन्हा वाचून दाखवले. यावेळी ग्वेनने. ऑरिनला वाचवेना.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, हार्डिंग काउंटी. दिनांक: २३ मे २०१९.

सही: विल्मा ट्वेट

साक्षीदार:
ग्वेन रेडफर्न
ऑरिन व्हॉस (खोडले आहे. यास रायफल मिळते. — वि. ट्वे.)
मार्विन श्टाइगर, गॅसवाला